टाच, सरकारजमा आणि परतफेड : गुन्ह्यातील संपत्तीचे तीन टप्पे

‘अमुक कोटींची मालमत्ता जप्त’ असा मथळा वाचताच ती संपत्ती सरकारच्या मालकीची झाली, असा सर्वसाधारण वाचकाचा समज होतो. हा समज यथार्थ नव्हे. ‘जप्त’ हा शब्द मूळचा अरबी असून फारसीच्या द्वारे तो मराठीत रूढ झाला. धरून ठेवणे, आवरणे हा त्याचा मूलार्थ होय. व्यवहारात मात्र या एकाच शब्दाखाली तीन भिन्न अवस्था झाकल्या जातात. त्यांचा भेद येथे थोडक्यात स्पष्ट करावयाचा आहे.

पहिली अवस्था टाचेची. तीत मालकी पूर्ववत राहते. विक्री, गहाण व हस्तांतर यांस तेवढी बंदी होते. १ जुलै २००५ पासून अमलात आलेल्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक अधिनियम, २००२ अन्वये अंमलबजावणी संचालनालय मालमत्तेवर तात्पुरती टाच आणू शकते. तिची मुदत १८० दिवसांची असते. तेवढ्या अवधीत न्यायनिर्णय प्राधिकरणाने ती कायम न केल्यास ती संपुष्टात येते.

दुसरी अवस्था सरकारजमा होण्याची. खटल्याअंती गुन्हा घडल्याचे सिद्ध झाले, म्हणजे विशेष न्यायालय मालमत्ता केंद्र सरकारकडे जमा करण्याचा आदेश देते. मालकी पालटते ती या टप्प्यावर. टाच आणि हा आदेश यांमध्ये कित्येक वर्षे लोटू शकतात.

तिसरी अवस्था विनियोगाची. इटलीमध्ये १९९६ च्या १०९ क्रमांकाच्या कायद्याने माफियांकडून घेतलेली घरे व जमिनी सामाजिक कार्यासाठी देण्याची सोय केली; सिसिलीत अशा जमिनींवर सहकारी संस्था शेती करतात. जेथे फसवणूक झालेली माणसे समोर उभी आहेत, तेथे मात्र प्रथम हक्क त्यांचाच मानणे न्याय्य ठरते. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंबंध संरक्षण अधिनियमाचे सूत्र हेच आहे. त्यानुसार उपजिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला सक्षम प्राधिकारी मालमत्ता ताब्यात घेतो आणि नियुक्त न्यायालयाच्या आदेशाने तिची रक्कम ठेवीदारांत न्याय्य प्रमाणात वाटली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ नेही अशी तरतूद केली आहे. न्यायालयाचा आदेश मिळाल्यावर जिल्हा दंडाधिकाऱ्याने ६० दिवसांत बाधितांना वाटप करावयाचे असते; दावेदार नसल्यास किंवा वाटपानंतर काही उरल्यास तेवढेच सरकारजमा होते.

यावरून शब्दभेदाचे व्यावहारिक महत्त्व ध्यानात यावे. आयुष्याची पुंजी बुडालेल्या ठेवीदारास ‘जप्ती’च्या वार्तेने दिलासा मिळतो खरा, परंतु त्याचा पैसा अद्याप तीन टप्प्यांपैकी पहिल्यावरच असतो. म्हणून असे वृत्त वाचताना टाच आली, मालकी पालटली की वाटप झाले, हे आवर्जून पाहावे. वृत्त देणाऱ्यांनीही या तिहींसाठी तीन निरनिराळे शब्द योजणे इष्ट होय.