छतावरील सौर संच: सही करण्यापूर्वी वायरिंग आणि अर्थिंग असे तपासा

'पीएम सूर्यघर: मोफत वीज योजने'त घराच्या छतावर सौर संच बसवण्यासाठी केंद्र सरकारचे अनुदान मिळते. पहिल्या २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, म्हणजे ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी जास्तीत जास्त ७८,००० रुपये.

बहुतेक लाभार्थी पॅनेल मोजून घेतात; वायरिंगकडे मात्र लक्ष जात नाही. खर्च वाचवण्यासाठी कसर केली जाते ती बऱ्याचदा इथेच, आणि आग किंवा शॉकचा धोकाही इथूनच येतो. पुढील गोष्टी पाहण्यासाठी तुम्ही इलेक्ट्रिशियन असण्याची गरज नाही.

वीज कोणत्या मार्गाने येते?

पॅनेलमधून डीसी वीज निघते. ती डीसी बॉक्समधून इन्व्हर्टरमध्ये जाते. इन्व्हर्टर तिची घरात वापरली जाणारी एसी वीज करतो. ती एसी बॉक्समधून घराच्या बोर्डात येते आणि उरलेली वीज नेट मीटरमधून बाहेरच्या लाइनीत जाते.

३ किलोवॅटच्या संचात साधारण सहा पॅनेल एकामागोमाग जोडलेली असतात. भर उन्हात त्यांच्या केबलमध्ये सुमारे २५० ते ३०० व्होल्ट दाब असतो. घरातला मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर हा दाब राहतो. डीसी विजेची ठिणगी एकदा पडली की सहज विझत नाही. त्यामुळे एक सैल जोडही तापून पेट घेऊ शकतो.

सही करण्यापूर्वी काय पाहाल?

• केबल: छतावर उन्हात टिकणारी सोलर डीसी केबलच हवी, घरगुती वायर नको. केबल पाइपमधून नेलेली असावी. ती लोंबकळत किंवा पत्र्याच्या धारेवर घासत नसावी.
• जोड: पॅनेलच्या केबल कनेक्टरनेच जोडलेल्या हव्यात. वायर पिळून टेप गुंडाळलेला जोड स्वीकारू नका.
• डीसी आणि एसी बॉक्स: विजेचा दाब अचानक वाढल्यास संरक्षण देणारे एसपीडी दोन्ही बॉक्समध्ये आहे का, ते उघडून दाखवायला सांगा. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून केबल बॉक्सच्या खालच्या बाजूने आत गेलेली असावी.
• इन्व्हर्टर: सावलीत, हवेशीर जागी आणि लहान मुलांचा हात पोहोचणार नाही असा बसवलेला असावा.
• अर्थिंग: तीन स्वतंत्र अर्थिंग हवीत. एक पॅनेल व त्यांच्या सांगाड्यासाठी, एक एसी बाजूसाठी आणि एक लायटनिंग अरेस्टरसाठी, म्हणजे आकाशातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या सळईसाठी. तिन्ही वायरी एकाच खड्ड्यात सोडलेल्या असतील तर काम अपुरे आहे. अर्थ टेस्टरने तुमच्यासमोर मोजायला सांगा. आकडा ५ ओहमपेक्षा जास्त नसावा.

लाइट गेली की संच बंद का होतो?

हा बिघाड नाही. लाइट गेल्यावरही संच बाहेर वीज पाठवत राहिला, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तंत्रज्ञाला तुमच्यासमोर घराचा मेन स्विच बंद करून दाखवायला सांगा. काही सेकंदांत इन्व्हर्टर थांबला पाहिजे. "लाइट नसतानाही चालेल असे जोडून देतो" असे कोणी म्हणाले तर ठाम नकार द्या. लाइट नसतानाही वीज हवी असेल, तर बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर लागतो.

सही केव्हा करावी?

विक्रेत्याचे काम झाल्यावर वीज वितरण कंपनी तपासणी करते, नेट मीटर बसवते आणि संच सुरू झाल्याची नोंद पोर्टलवर होते. त्यानंतर अनुदान तुमच्या बँक खात्यात जमा होते. म्हणून काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्यापूर्वीच त्रुटी दुरुस्त करून घ्या. "अनुदान लवकर येईल, आधी सही करा" एवढ्यावर विसंबू नका. वायरिंगचा नकाशा आणि वॉरंटीची कागदपत्रे मागून घ्या. पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे.

घरातल्या सर्वांना हे सांगून ठेवा

• जळका वास आला किंवा ठिणगी दिसली, तर आधी एसी बॉक्समधील स्विच आणि मग डीसी स्विच बंद करा. बॉक्सजवळ धूर किंवा ज्वाळा असतील तर जवळ जाऊ नका. अग्निशमन दलाला बोलवा आणि घरावर सौर संच आहे हे सांगा.
• पॅनेलचे कनेक्टर स्वतः ओढून काढू नका. आगीवर पाणी टाकू नका.
• पॅनेल सकाळी लवकर किंवा संध्याकाळी धुवा. त्यांच्यावर पाय देऊ नका.

विक्रेता दाद देत नसेल, तर तुमच्या वीज वितरण कंपनीकडे लेखी तक्रार करा किंवा योजनेच्या १५५५५ या हेल्पलाइनवर फोन करा.