पाव्हणं, गाव कुठलं?

साताऱ्याहून सांगलीकडे निघालेल्या एस.टी.त बसावे, आणि कऱ्हाड येण्याच्या आत शेजारच्या अनोळखी गृहस्थाने गाव कुठलं, कुणापैकी आणि काय करता हे तीन प्रश्न विचारले नाहीत, असे सहसा घडत नाही. आणि आपणही त्या प्रश्नांनी यत्किंचित् संकोच न पावता गाव सांगितले की ते कोणत्या फाट्यावरून आत जाते हे सांगतो, आडनाव सांगितले की आजोळ कुठले हे सांगतो, शेती म्हटली की यंदाचा ऊस कोणत्या कारखान्याला गेला आणि तोड किती दिवस लांबली याचीही हकीकत कथन करतो. हेच तीन प्रश्न पुण्याच्या एखाद्या परीक्षाकेंद्रातील बंद खोलीत, ध्वनिमुद्रण चालू असताना, इंग्रजी भाषेत कोणी विचारले, म्हणजे मात्र याच मुलुखातील पदवीधर तरुणाच्या घशाला कोरड पडते, आणि त्याच्या मुखातून स्वतःच्या गावाऐवजी कोणत्या तरी शिकवणीवर्गाच्या छापील कागदावरील ‘शांत, सुंदर आणि प्रदूषणमुक्त’ असे एक परगावच बाहेर पडते.

ब्रिटनने कुशल कामगारांच्या व्हिसासाठी नव्याने अर्ज करणाऱ्यांना लागणारी इंग्रजीची पातळी ८ जानेवारी २०२६ पासून बी-वनवरून बी-टूवर नेली, म्हणजे आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेच्या भाषेत चारावरून साडेपाचावर चढविली, ही बातमी वाचकांनी वाचलेली आहे. तिचा तपशील उगाळण्यात हशील नाही. त्या बातमीनंतर साताऱ्याच्या पोवई नाक्यावर आणि सांगलीच्या विश्रामबागेत ‘स्पीकिंग’च्या वर्गांची चौकशी वाढली असेल, हेही ओघानेच आले. मला ज्या गोष्टीचे मनापासून अगत्य वाटते ती याहून लहान आहे, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचीही. आयेल्ट्सच्या अकरा ते चौदा मिनिटांच्या तोंडी परीक्षेचे तीन भाग असतात. दुसऱ्यात एका विषयावर एक मिनिट विचार करून दोन मिनिटांपर्यंत बोलायचे असते आणि तिसऱ्यात चर्चा असते, तेव्हा हे दोन भाग कठीण असावेत यात नवल नाही. परंतु पहिली चार-पाच मिनिटे, ज्यांत घर, गाव, काम, शिक्षण, सुट्टीचा दिवस, आवडीचे जेवण एवढेच विचारतात, आणि जी उमेदवाराची भीड चेपावी म्हणूनच योजलेली आहेत, तीच आमच्या मुलांना अवघड का जावीत?

याचे उत्तर शोधताना सांगलीतील एका निवृत्त इंग्रजी शिक्षिकेची गाठ पडली. चौतीस वर्षे माध्यमिक शाळांतून इंग्रजी शिकवून आता त्या घराच्या माडीवर, एका वेळी चारपेक्षा अधिक विद्यार्थी घ्यायचे नाहीत या बाण्याने, परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांना आणि अभियंत्यांना बोलते करतात. त्यांचे म्हणणे असे की, दोष इंग्रजीचा थोडा आणि आमच्या शाळेचा फार. “दहा वर्षं मूल शाळेत येतं,” त्या म्हणाल्या, “आणि तुझ्या घरात सकाळी पहिलं कोण उठतं, हे त्याला कुणी एकदाही विचारत नाही. मग एक दिवस साहेब विचारतो, तेव्हा त्याला वाटतं, याचंही उत्तर पुस्तकात असेल.”

हे वाक्य ऐकल्यापासून मनातून जात नाही, कारण आमच्या इंग्रजी शिक्षणाचा इतिहास त्याला साक्ष देतो. आमच्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला गिरवून इंग्रजी आत्मसात केले. ते इंग्रजी व्याकरणात पक्के, पण त्यातील वाक्ये दुसऱ्याने रचलेली असत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू होऊ लागले, आणि पुढे वाक्यरचनांचे साचे घोकवून घेणारी पद्धती शाळांत रूढ झाली. या संदर्भात सांगलीकरांनी एक नाव विसरू नये. विनायक कृष्ण गोकाक, कन्नडचे थोर कवी आणि पुढे ज्ञानपीठाचे मानकरी, हे ऑक्सफर्डहून परतल्यावर आमच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि १९५८ साली हैदराबादेस इंग्रजीच्या अध्यापनासाठी जी केंद्रीय संस्था निघाली तिचे संचालकपदही त्यांनी भूषविले. घरात एक भाषा, ओसरीवर दुसरी आणि वर्गात तिसरी अशा कृष्णाकाठच्या सीमाप्रदेशात वावरलेला हा मनुष्य इंग्रजी अध्यापनाच्या विचारात अग्रभागी असावा, यात मला औचित्य दिसते. पण त्या काळाने शाळांना जे दिले ते मुख्यतः साचे होते. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले, बारावीला ऐंशी गुण लेखी आणि वीस तोंडी असे झाले. तरी त्या वीस गुणांसाठीही वर्गावर्गांतून पाठ केलेले उतारेच म्हणून दाखविले जातात, हे ज्यांची मुले त्या वर्गांत बसतात त्यांना ठाऊक आहे. पाठमालेपासून साच्यापर्यंत आणि साच्यापासून शिकवणीवर्गाच्या ‘टेम्प्लेट’पर्यंत आलो, मुलाचे स्वतःचे घर मात्र या सगळ्या वाटेवर कोठेच लागले नाही.

दुसरे कारण आमच्या संस्कारांत आहे, आणि त्याला दोष म्हणण्यास माझे मन धजत नाही. वडीलधाऱ्यांनी काही पुसले असता ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढेच बोलून मान खाली घालावी, आपल्याविषयी आपण होऊन बोलू नये, ही आमच्या घरची रीत. परीक्षेच्या खोलीत वयाने आणि अधिकाराने मोठी व्यक्ती समोर बसली, की तीच रीत मुलाच्या जिभेवर येऊन बसते. ‘तुला गाव आवडते का?’ ‘येस.’ ‘का?’ ‘इट इज नाइस.’ मुलगा आदर दाखवीत असतो. परीक्षकाला मात्र मोजण्याजोगे काहीच हाती लागत नाही. कारण गुण द्यायचे ते चार बाबींना, प्रत्येकीला समान वजनाने : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची व्याप्ती आणि अचूकता, उच्चार. मराठी वळणाचा उच्चार ऐकून कोणी गुण कापत नाही; समजेल असा असला म्हणजे पुरे. गाव मोठे की लहान, बाप शेतकरी की कलेक्टर, यालाही गुण नाहीत. गुण आहेत ते बोलण्याला, आणि मौनाला कसे गुण द्यावेत?

बाईंच्या माडीवर मी तीन संध्याकाळी बसलो, आणि भाषा माणसाचे मन कसे उघड करते ते तेथे पाहिले. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद इंग्रजीत नसल्यामुळे ‘तुला मोकळ्या वेळात काय करायला आवडते?’ या प्रश्नाला कडेगावकडचा एक तरुण अभियंता ‘वी लाइक’, ‘अवर हाउस’, ‘वी गो’ असे म्हणत सुटला. त्याच्या साऱ्या उत्तरात ‘मी’ एकदाही आला नाही. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्ये शुद्ध होती, पण नऊ माणसांच्या कुटुंबात वाढलेल्या त्या मुलाला स्वतःची म्हणून निराळी आवड असू शकते का, हा प्रश्नच जणू प्रथम पडत होता. दुसरी एक मुलगी प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ओन्ली’ लावी, ‘आय लिव्ह देअर ओन्ली’. आमच्या ‘तिथंच’मधला ‘च’ इंग्रजीत नेण्याची ती धडपड होती. आणि जवळजवळ सगळेच एका ठिकाणी अडखळत : ‘लहानपणी तुला काय आवडत असे?’ हा प्रश्न भूतकाळात, उत्तर मात्र वर्तमानात. “प्रश्नातलं क्रियापद कानात धरा,” बाई सांगत, “उत्तराचा काळ त्यानंच तुम्हांला दिलेला असतो.”

त्यांची युक्ती म्हणावी तर एवढीच : आधी सरळ उत्तर, मग त्याचे कारण, आणि मग आपल्या डोळ्यांनी पाहिलेली एक वस्तू. तीन वाक्ये, फार तर चार. त्याहून लांब गेले की परीक्षक मध्येच ‘थँक यू’ म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतो, आणि मुलांना वाटते आपले काही तरी चुकले. वास्तविक तो केवळ घड्याळाला बांधलेला असतो. प्रश्न ऐकू आला नाही तर पुन्हा विचारा असे म्हणण्यात कमीपणा नाही, हेही त्या पहिल्याच दिवशी सांगतात.

बाजारातील कित्येक वर्ग मुलांना उघड सांगतात की, खरे बोलण्याची गरज नाही, कोणी चौकशीला येत नाही, तेव्हा छंद म्हणून पियानो सांगा आणि गाव म्हणून पुणे सांगा. कोणी चौकशीला येत नाही हे अगदी खरे. तथापि खोटे बोलणाऱ्यावर एकाच वेळी दोन ओझी पडतात, कल्पना रचण्याचे आणि ती परभाषेत मांडण्याचे; आणि ‘पियानो कोणी शिकविला?’ एवढा एक साधा पुढचा प्रश्न येताच दोन्ही खाली येतात. शिवाय रोज असेच उमेदवार ऐकणाऱ्या परीक्षकाच्या कानाला पाठांतराची लय लपत नाही. हा झाला व्यवहार. माझी खरी तक्रार निराळी आहे. मराठेशाहीत वतनाचा तंटा उभा राहिला म्हणजे वादी-प्रतिवादींच्या तकरिरा घेत, गोतसभेपुढे साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर केला जाई. अक्षरशत्रू कुणबीही आपली जबानी आपल्या तोंडाने देई, आणि त्या जबान्यांच्या कागदांवरून आज आपण गावांचे इतिहास लिहितो. ज्या मुलुखाच्या दप्तरांत सामान्य माणसाची हकीकत एवढ्या निगुतीने जतन झाली, त्या मुलुखाच्या मुलाने परक्यापुढे स्वतःचे गाव लपवावे, याचे मला दुःख होते.

लपविण्याजोगे आमच्याकडे आहे तरी काय? विट्याकडची, आटपाडीकडची गलाई करणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या घर सोडून तमिळनाडूत, केरळात, बंगालात गेली, सोने-चांदी गाळण्याच्या भट्ट्या घालून बसली, आणि कोणत्याही परीक्षेवाचून तेथील भाषा बोलू लागली. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, तमिळ कसे शिकलात? ते म्हणाले, “दुकानात येणारा पहिल्यांदा गाव विचारायचा, मग पोरं किती विचारायचा. तेवढं यायला लागलं, मग बाकीचं आलं.” भाषाशिक्षणाच्या कितीएक ग्रंथांहून मला हे उत्तर मोलाचे वाटते. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले, तेव्हापासून या गावाला परिचर्येची परंपरा आहे. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलीला ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी हवी असेल, आणि त्यासाठी ती आयेल्ट्सला बसत असेल, तर बोलण्यात सात गुण लागतात, साडेपाच नव्हेत. रात्रपाळीत वृद्ध रुग्णाशेजारी बसून ‘काका, गाव कुठलं तुमचं?’ असे विचारून जी त्याला त्याचे दुखणे क्षणभर विसरायला लावते, तिलाच तो प्रश्न परतून कोणी विचारला तर उत्तर नसावे, हे मला पटत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी अशीच एक परिचारिका आली होती; तासगाव तालुक्यातली, मिरजेच्या एका दवाखान्यात तीन वर्षे काम केलेली, हातात घडी पडलेला कागद. गावाविषयी विचारताच तिने डोळे छताकडे लावून तो कागद म्हणून दाखविला : गाव शांत आहे, हिरवेगार आहे, लोक सहकार्यशील आहेत. बाईंनी ऐकून घेतले आणि कागद हातातून काढून घेतला.

“अगं, आत्ता घरी कोण आहे?”

“आई आहे. वडील शेडवर आहेत, बेदाण्याच्या.”

“मग तेच सांग. इंग्रजीत.”

मुलगी थांबली. बेदाण्याला काय म्हणतात ते तिला आठवेना. बाईंनी सांगितले नाही. मग ती हातांनी जाळीचे थर दाखवीत, अडखळत, पण प्रथमच समोर पाहून बोलू लागली : माझे वडील द्राक्षे लावतात, ती आम्ही विकत नाही, वाळवतो, औषधाच्या पाण्यात बुडवून जाळीवर पसरतो, मग गंधकाचा धूर देतो, त्या दिवसांत माझ्या ओढणीला गंधकाचा वास येतो आणि बसमध्ये लोक विचारतात. ‘ड्राय ग्रेप्स’ म्हणून तिने नेमका शब्द नसल्याची वेळ निभावून नेली; ठाऊक नसलेला शब्द असा वळसा घालून सांगता येणे हेही त्या परीक्षेत शब्दसंपत्तीतच मोजले जाते. दोन ठिकाणी काळ चुकला, एके ठिकाणी ‘ओन्ली’ आला. बाई वहीत टिपून घेत होत्या, मध्ये बोलल्या नाहीत.

“अँड हाउ लाँग डझ इट टेक?” त्यांनी विचारले.

मुलीने बोटांवर मोजले. “फिफ्टीन डेज, मॅडम. इन फिफ्टीन डेज द ग्रेप्स बिकम ओल्ड,” ती म्हणाली, आणि क्षणभर थांबून पुढे जोडले, “देन दे गेट द प्राइस.”

बाईंनी ते वाक्य दुरुस्त केले नाही. वहीचे पान उलटून त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.