चूक न दाखवणारा डोंगर

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातले ‘ब्लूबर्ड बॅककंट्री’ हे स्की-क्षेत्र बंद करत असल्याचे त्याच्या चालकांनी जून २०२३मध्ये जाहीर केले. इतर स्की-क्षेत्रांत आणि यात मोठा फरक होता. इथे माणसांना माथ्यावर पोचवणारी एकही लिफ्ट नव्हती. क्रेमलिंग आणि स्टीमबोट स्प्रिंग्ज या गावांच्या मधोमध, रॅबिट इअर्स खिंडीच्या दक्षिणेला, बेअर माउंटन नावाचा ९,८४५ फूट उंचीचा डोंगर आहे. एका खासगी रँचच्या जमिनीवरचा हा डोंगर आपल्या पायांनी चढायचा आणि मग बर्फावरून घसरत उतरायचा, अशी इथली रीत. एरिक लँबर्ट आणि जेफ वुडवर्ड या दोघांनी २०२०च्या आरंभी फेअरप्ले गावाजवळ काही दिवसांचा प्रयोग केला, पुढच्याच हिवाळ्यात बेअर माउंटनवर पहिला पूर्ण हंगाम भरवला, आणि तीन हंगामांनंतर कुलूप लागले. एक हौशी धंदा चालला नाही, असा या घटनेचा अर्थ लावणे सोपे आहे. तो अपुरा आहे. तिथे बंद पडली ती एक शाळा होती, आणि तिचा फायदा ज्यांना होणार होता त्यांतले बहुतेक जण तिची फी भरणारे नव्हते. अशी शाळा तिकिटाच्या पैशांवर तगणार नाही, हे मान्य करून तिची सोय करायला हवी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

स्कीइंग म्हटले की आज डोळ्यांसमोर पाळणे येतात. पण पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली आयडाहोतल्या सन व्हॅलीत बसली. जिम करन या रेल्वे कंपनीच्या इंजिनिअरने जहाजात केळ्यांचे घड चढवणारी यंत्रणा पाहिली होती. तिच्या आकड्यांना घडांच्या जागी त्याने खुर्च्या लावल्या. त्याआधी बहुतेकांना डोंगर उतरण्याचा हक्क चढूनच मिळवावा लागे, आणि ‘बॅककंट्री’त, म्हणजे निगा राखलेल्या उतारांपलीकडच्या मोकळ्या डोंगरात, तो आजही तसाच मिळवावा लागतो. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात, तिला ‘स्किन’ म्हणतात. मोहेरच्या किंवा नायलॉनच्या तिच्या आखूड केसांचा कल मागच्या बाजूला असतो. स्की पुढे सरकवली की केस झोपतात. वजन टाकले की तेच केस उभे राहून बर्फात रुततात आणि पाय मागे घसरत नाही. टाच मोकळी, चवडा जखडलेला, अशा चालीने तास-दीड तास चढायचे. माथ्यावर स्किन सोलून काढायची, चिकट बाजू आत घालून तिची घडी करायची, टाच जखडायची आणि उतरायला लागायचे. चढायला लागलेल्या वेळाच्या मानाने उतरण फारच थोडी असते. असे असूनही हा नाद गेल्या काही वर्षांत झपाट्याने वाढला आहे.

कोलोरॅडोच्या बर्फाला एक खोड आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला पडणारा पातळ थर कडाक्याच्या थंडीत आणि कोरड्या हवेत आतून बदलतो. जमीन त्या मानाने उबदार, वरची हवा गोठवणारी. या फरकामुळे थरातली वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण साखरेच्या दाण्यांसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे बनतात. पुढे पडणारा भरघोस बर्फ या भुसभुशीत पायावर बसतो. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाचे वजनही वरची लादी तोडायला पुरते. जीवघेण्या हिमस्खलनांपैकी सुमारे नव्वद टक्के घटनांत स्खलन सुरू करणारा स्वतः बळी किंवा त्याचाच सोबती असतो. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची शक्यता मोठी असते. अर्ध्या तासानंतर ती फार खाली येते. खालून पथक येईपर्यंत ही वेळ निघून जाते, म्हणून वाचवणारा हात शेजारच्या सोबत्याचाच असावा लागतो. मार्च २०२०मध्ये कोविडमुळे कोलोरॅडोतली लिफ्टची स्की-क्षेत्रे सरकारी आदेशाने बंद झाली आणि लोक मोकळ्या डोंगरांकडे वळले. पुढच्या, म्हणजे २०२०-२१च्या हिवाळ्यात अमेरिकेत हिमस्खलनांनी ३७ बळी घेतले. त्यांतले १२ एकट्या कोलोरॅडोतले.

मग लोक शिकत का नाहीत? डोंगर हा वाईट शिक्षक आहे, हे त्याचे उत्तर. रॉबिन होगार्थ या मानसशास्त्रज्ञाने शिकण्याच्या परिस्थितीचे दोन प्रकार सांगितले: एक सरळ, जिथे केलेल्या कृतीचे फळ लगेच आणि स्पष्ट दिसते, दुसरी कपटी, जिथे फळ दिसत नाही किंवा उलटेच दिसते. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९मधल्या एका संयुक्त निबंधात हेच वेगळ्या अंगाने मांडले. अनुभवातून खरी जाण यायची तर परिस्थितीत काही नियमितपणा हवा आणि चूक-बरोबर कळण्याची सोय हवी. बर्फाळ उतार यात नापास होतो. धोकादायक उतारावरून दहा जण सुखरूप उतरतात, कारण नेमक्या कच्च्या जागी कोणाचा पाय पडला नाही. त्या दहांना निकाल मिळतो, ‘आपला अंदाज बरोबर होता’. खरे तर तो चुकला होता. फक्त शिक्षा झाली नाही. असा माणूस दर हंगामाला जास्त अनुभवी आणि जास्त निर्धास्त होत जातो. इयन मॅककॅमन यांनी १९७२ ते २००३ या काळातल्या ७१५ हिमस्खलन-अपघातांचा अभ्यास केला. ओळखीच्या उतारावर प्रशिक्षित माणसेही जवळजवळ अप्रशिक्षितांइतकाच धोका पत्करतात, असे त्यात दिसले. म्हणजे ज्ञान असते, पण डोंगराने वर्षानुवर्षे दिलेली खोटी शाबासकी त्यावर मात करते.

ब्लूबर्डचे मोल इथे कळते. हिमस्खलन-सुरक्षेचा प्राथमिक अभ्यासक्रम साधारण तीन दिवसांचा असतो. तो संपला की विद्यार्थी थेट त्या कपटी डोंगराच्या हवाली होतो. वाहनचालकाला तीन दिवस शिकवून चौथ्या दिवशी घाटात सोडावे तसे. मधली पायरीच नाही. ब्लूबर्डने ती बांधली. सुमारे १,२०० एकरांच्या भागात त्यांचे गस्तीपथक रोज बर्फाची पारख करी आणि धोक्याचे उतार बंद ठेवी. त्यापलीकडचा रानटी भाग वाटाड्यासोबतच पाहता येई. उतार रोलरने दाबून गुळगुळीत केलेले नसत, बर्फ पडेल तसाच असे. प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर म्हणजे गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणारे रेडिओ-यंत्र, फावडे आणि प्रोब म्हणजे जोडून लांब होणारी सळई असलीच पाहिजे, हा दंडक होता. चढ सुरू होण्याआधी तपासणीच्या जागी ट्रान्सीव्हर चालू आहे ना, हे पाहिले जाई. साधे वाटते, पण मोकळ्या डोंगरात ही तपासणी कोणी करत नाही आणि खिशात बंद पडलेला ट्रान्सीव्हर नसल्यासारखाच असतो. नवख्यांसाठी भाड्याने सामान आणि वर्ग होते, आणि चढाच्या वाटेवर ऊब घ्यायला निवारा. तिथे मिळणारे गरम बेकन लोकांच्या आठवणीत राहिले आहे. पण खरी गोष्ट निराळी होती. आज हा उतार उघडा का आणि तो बंद का, हे विचारायला तिथे जाणता माणूस हजर असे. डोंगर जे उत्तर देत नाही ते तो देत असे.

आता हिशेब. सुरुवातीला दिवसाला २०० जणांची मर्यादा होती आणि तिकीट साधारण ५० डॉलरचे. जागा रोज पूर्ण भरल्या तरी दहा हजार डॉलर. त्यात गस्त, शिक्षक, विमा, रस्ता, जागेचे भाडे सगळे बसवायचे. लिफ्टचे क्षेत्र तासाला हजारो माणसे वर फेकते, खिडकीवरच्या तिकिटाला २०० डॉलरहून जास्त घेते, आणि त्यावर हॉटेले, घरे, दुकाने उभी करते. २००८मध्ये आलेला एपिक पास आणि २०१८मध्ये आलेला आयकॉन पास यांनी हंगामभराचे पैसे आगाऊ गोळा करण्याची रीत पक्की केली; मग बर्फ कमी पडला तरी तिजोरी भरलेली. पायी चढणाऱ्यांच्या डोंगराला यातले काहीच जमत नाही. गर्दी वाढवली तर शिकण्याची शांत जागा मोडते, गर्दी रोखली तर पैसे पुरत नाहीत.

यावर पहिला आक्षेप बाजाराचा: लोकांना हवे असते तर त्यांनी पुरेसे पैसे मोजले असते. पण सुरक्षेच्या शिक्षणाचा फायदा तिकीट घेणाऱ्यापाशी थांबत नाही. तो त्याच्या सोबत्याला होतो, शोधपथकातल्या स्वयंसेवकाला होतो, खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्यालाही होतो. २५ मार्च २०२० रोजी कोलोरॅडोतल्या आयझेनहावर बोगद्याच्या वरच्या उतारावर दोन स्नोबोर्डरांच्या वजनाने स्खलन सुटले. खालचा सेवा-रस्ता काही ठिकाणी वीस फूट बर्फाखाली गेला आणि स्खलन-नियंत्रणाची यंत्रणा मोडली. त्या दोघांजवळ सामान होते, अनुभवही होता. सुदैवाने रस्त्यावर कोणी नव्हते. पैसे देणारा एक आणि लाभ घेणारे अनेक, अशी स्थिती असली की बाजार ती वस्तू गरजेपेक्षा कमीच बनवतो. विहिरीचे पाणी साऱ्या वाडीने प्यायचे आणि खोदण्याचा खर्च एकट्यानेच करायचा, अशी ही तऱ्हा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. राखलेल्या डोंगरावर सराव केलेला माणूस खोटा आत्मविश्वास घेऊन बाहेर पडेल, आणि मॅककॅमन यांचा निष्कर्षच या भीतीला बळ देतो. ही भीती खरी मानली पाहिजे. ब्लूबर्डमुळे मृत्यू घटले, असा दावाही तीन हंगामांच्या आधारे करता येणार नाही. पण पर्याय काय आहे, हे पाहू. तीन दिवसांचा वर्ग आणि मग एकट्याने मोकळा डोंगर, हा पर्याय खोट्या आत्मविश्वासाचा कारखानाच आहे, कारण तिथे चूक दाखवणारे कोणीच नाही. राखलेल्या जागी निदान बंद उताराची दोरी समोर असते, आपला अंदाज गस्तवाल्याच्या अंदाजाशी ताडून पाहता येतो. डोंगर मोकळेच राहावेत, असे म्हणणाऱ्यांचे मनही मी समजू शकतो. मात्र एका खासगी डोंगरावर शाळा भरल्याने बाकीच्या डोंगरांचा मोकळेपणा जात नाही.

तिसरा आक्षेप न्यायाचा: महागडी स्की बाळगणाऱ्यांच्या छंदासाठी इतरांनी खर्च का सोसावा? उत्तर असे की इतर जण तो खर्च आजही सोसतात. कोलोरॅडोत २०२३पासून गाडीच्या नोंदणीसोबत ‘कीप कोलोरॅडो वाइल्ड’ पास आकारला जातो, सुरुवातीला तो २९ डॉलरचा होता. नको असेल तर नाकारता येतो. त्यातला वाटा शोध-बचाव पथकांना आणि राज्याच्या हिमस्खलन माहिती केंद्राला मिळतो. म्हणजे अंदाज सांगण्याला पैसे आहेत आणि गाडलेला माणूस शोधण्याला पैसे आहेत. या दोहोंच्या मधले काम, त्या अंदाजाचा उपयोग करायला माणसाला प्रत्यक्ष उतारावर शिकवणे, तेवढे मोकळे राहिले आहे.

हा प्रश्न आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. गुलमर्गच्या गोंडोल्याचा दुसरा टप्पा २००५मध्ये सुरू झाला आणि अफरवट शिखराच्या खांद्यावर काही मिनिटांत पोचण्याची सोय झाली. तिथून बाजूच्या मोकळ्या उतारांवर उतरता येते. फेब्रुवारी २०२३मध्ये तिथे हिमस्खलनात पोलंडचे दोघे गेले, फेब्रुवारी २०२४मध्ये रशियाचा एक स्कीपटू गेला. मुंबई-पुण्याहून स्कीइंगच्या कोर्ससाठी गुलमर्गला जाणारी मुले वळायला आणि थांबायला शिकून येतात. वरच्या उतारांचा बर्फ वाचणे हे वेगळे शिक्षण आहे. उंचीवर नेणारी यंत्रे आपण आणखी बसवणार आहोत. त्यांच्या जोडीला मधली पायरीही बांधायची की नाही, हे आताच ठरवायला हवे.

ब्लूबर्डसारखी अख्खी संस्था पुन्हा उभी राहीलच असे नाही, आणि त्याची गरजही नाही. अमेरिकेतल्या अनेक लिफ्टच्या क्षेत्रांत आता पायी चढणाऱ्यांना ठरावीक वाटांवर मुभा असते. त्यांचे गस्तीपथक आधीच पगारावर आहे, बर्फाची रोजची नोंद आधीच होते. रोलर न फिरवलेला एक उतार राखून ठेवायचा, पायथ्याशी ट्रान्सीव्हर तपासायचे आणि सकाळच्या दोन तासांसाठी एक जाणता माणूस तिथे उभा करायचा, एवढीच भर लागते. त्या माणसाचा पगार सार्वजनिक निधीतून द्यावा. रोज सकाळी तो सांगेल की काल ज्या उतारावरून तुम्ही सुखरूप आलात, तो कालही चांगला नव्हता.