कोटेड पिस्टन: इंजिनाची ताकद वाढते की फक्त आयुष्य?

रील्स बघताना तुमच्यासमोर हे कधीतरी आलंच असेल. टेबलावर चार नवेकोरे पिस्टन मांडलेत, डोकं राखाडी, खालचा भाग काळाकुट्ट, मागे जोरदार म्युझिक आणि खाली कॅप्शन: ‘कोटेड पिस्टन टाकले, आता गाडी उडणार!’

गाडी उडते का? नाही. मग हे पिस्टन म्हणजे फसवणूक आहे का? तेही नाही. कोटिंगचं काम वेगळंच आहे. ते मला नीट कळलं एक इंजिन जाम झाल्यावर, आणि त्यात चूक माझीच होती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझा चुलतभाऊ यवतमाळ जिल्ह्यात आर्णीजवळ शेती करतो. त्याच्याकडे जुनी मारुती जिप्सी आहे, १.३ लिटर पेट्रोल इंजिनवाली. ऑफ-रोडिंगसाठी तिचं इंजिन तयार करायचं त्याच्या डोक्यात बरेच दिवस होतं. कापसाचे पैसे हातात आले तसे त्याने बाहेरच्या कंपनीचे फोर्ज्ड, कोटेड पिस्टन मागवले. मी सुट्टीत घरी होतो आणि इंजिनिअरिंगची डिग्री असल्यामुळे आपोआप ‘सल्लागार’ झालो.

आधी पिस्टनचं काम समजून घेऊ

जिप्सीच्या या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७४ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, ७५.५ मिमी. इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला १०० वेळा फिरतो. म्हणजे पिस्टन १०० वेळा वर आणि १०० वेळा खाली. त्याचा सरासरी वेग काढला तर ताशी सुमारे ५४ किमी येतो. आणि दर सेकंदाला तो २०० वेळा पूर्ण थांबून उलटा फिरतो.

त्यात वर आग. पेट्रोल जळताना त्या वायूचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जातं. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचा असतो. मग तो वितळत का नाही? कारण आग क्षणभराचीच असते. मिळालेली उष्णता रिंगमधून सिलिंडरच्या भिंतीत आणि तिथून कूलंटमध्ये जाते, थोडी ऑईल घेऊन जातं. ही साखळी कुठेही तुटली की पिस्टन संपला.

दाबाचंही बघा. आत ६० बार दाब धरला तर ७४ मिमीच्या पिस्टनवर अडीच टनांच्या आसपास भार येतो. परफॉर्मन्स इंजिनात कॉम्प्रेशन वाढवतात, आरपीएम वाढवतात, म्हणजे हे सगळे आकडे अजून चढतात. म्हणून तिथे ओतीव पिस्टनऐवजी फोर्ज्ड, म्हणजे प्रचंड दाबाखाली ठोकून घडवलेला पिस्टन वापरतात.

कोटिंग एक नाही, तीन असतात

‘कोटेड’ हा एकच शब्द असला तरी पिस्टनच्या तीन जागी तीन वेगवेगळे थर असू शकतात.

१. डोक्यावर सिरॅमिक. क्राऊनवर, म्हणजे जिथे आग लागते तिथे, सिरॅमिकचा पातळ थर. हा उष्णता अडवतो. पिस्टनमध्ये थोडी कमी उष्णता शिरते, त्यामुळे धातू नरम पडायला वेळ मिळतो. चहाच्या कपाला पकडायला रुमाल गुंडाळतो ना, तसंच. चटका कमी बसतो, चहा तेवढाच गरम राहतो.

२. बाजूला मॉली किंवा ग्रॅफाइट. पिस्टनच्या खालच्या भागाला स्कर्ट म्हणतात. तो सिलिंडरच्या भिंतीला घासत चालतो. त्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा ग्रॅफाइट रेझिनमध्ये मिसळून लावतात. हे कोरडं वंगण आहे. सकाळी गाडी चालू केल्यावर ऑईल वर पोहोचेपर्यंतचे जे दोन-चार सेकंद असतात, तिथे हा थर धातूला धातू घासू देत नाही. रीलमध्ये दिसतो तो काळा रंग हाच. आणि यात ‘रेसिंग’ असं खास काही नाही. आजकालच्या बऱ्याच साध्या गाड्यांमध्ये कंपनीतूनच असे पिस्टन येतात.

३. रिंगच्या खाचेत हार्ड ॲनोडायझिंग. सगळ्यात वरच्या रिंगला सगळ्यात जास्त उष्णता लागते. तिथे नरम ॲल्युमिनियमचे कण रिंगला चिकटू लागतात. ॲनोडायझिंगने खाचेचा पृष्ठभाग कडक होतो आणि हे चिकटणं टळतं.

या तिन्हींत ‘हॉर्सपॉवर’ हा शब्द कुठेच आला नाही, हे लक्षात आलं का? घर्षण थोडं कमी होतं, पण गाडी चालवताना जाणवेल इतका फरक फक्त कोटिंगने पडत नाही. ताकद येते जास्त हवा आत घेण्यातून, कॉम्प्रेशनमधून, कॅममधून आणि ट्यूनिंगमधून. ती ताकद सहन करताना इंजिनाला जरा जास्त मोकळीक मिळावी, म्हणून कोटिंग.

आता माझी चूक

यवतमाळला ब्लॉक बोअर करायला दिला. पिस्टन ०.५० ओव्हरसाईज होते, म्हणजे ७४.५ मिमीचे. पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांच्यात किती गॅप ठेवायचा, हा प्रश्न आला. मी फोन काढला, जिप्सीच्या सर्व्हिस मॅन्युअलची पीडीएफ शोधली आणि रुबाबात आकडा सांगितला: ०.०४ मिमी.

मिस्त्रीकाकांनी पिस्टन हातात फिरवून बघितला. म्हणाले, “भाऊ, हा बाहेरचा पिस्टन आहे, लय फुगते हा. कंपनीच्या पिस्टनचं माप याले कायले लावता?”

मी म्हटलं, “काका, कोटिंग आहे ना. थोडं टाईट असलं तरी घासणार नाही.”

ते गप्प बसले. गिऱ्हाईक म्हणेल तसं काम केलं.

सुरुवातीचे काही तास गाडी हळू चालवली, सगळं छान. मग मे महिन्यातल्या एका दुपारी भाऊ शेताच्या पांदणीवर पहिल्या गिअरमध्ये चढ चढत होता, थ्रॉटल पूर्ण दाबलेला. इंजिनाचा आवाज दबला, गाडीने एक झटका दिला आणि बंद. सेल्फ मारला तर क्रँक हलेना.

इंजिन उघडलं. एका सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे, पिस्टनच्या स्कर्टवरचं काळं कोटिंग पट्ट्यापट्ट्यांनी निघालेलं आणि खालून चंदेरी ॲल्युमिनियम चमकत होतं. बाकीच्या तिघांवरही खुणा होत्या. भाऊ मला काही बोलला नाही. त्याने फक्त विचारलं, “दादा, आता किती लागतील?” शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गॅपचा हिशोब

जो हिशोब मी आधी करायला हवा होता, तो आता करू. बारावीच्या फिजिक्सचाच आहे.

फोर्ज्ड पिस्टनसाठी दोन मिश्रधातू जास्त चालतात: ४०३२ आणि २६१८. पहिल्यात सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं, ते फुगणं आवरतं. दुसऱ्यात सिलिकॉन जवळपास नसतंच. त्यामुळे २६१८ मार सहन करण्यात भारी, पण तापल्यावर जास्त फुगतो. आमचे पिस्टन २६१८ चे होते. मॅन्युअलमधला आकडा मात्र कंपनीच्या ओतीव पिस्टनसाठी.

७४.५ मिमीचा असा पिस्टन १०० अंशांनी तापला तर व्यास सुमारे ०.१६ मिमी वाढतो. सिलिंडरचं लायनर लोखंडी, ते तेवढंच तापलं तर वाढतं साधारण ०.०८ मिमी. फरक उरतो ०.०८ मिमी. आणि आपण गॅप ठेवला होता ०.०४! हा ढोबळ हिशोब आहे. प्रत्यक्षात पिस्टन पूर्ण गोल नसतो, वर जरा निमुळता असतो, लायनरभोवतीचा ब्लॉकही तापून पसरतो. पण गोष्ट कुठे बिघडली ते यातून कळतं. पिस्टन फुगला, ऑईलचा थर पिळून निघाला, आणि उरलं फक्त कोटिंग. ते काही मायक्रॉनचं. किती वेळ तग धरणार?

पिस्टनच्या डब्यात एक कागद होता. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: गॅप ०.०८ मिमी. तो कागद मी वाचलाच नव्हता.

कोटिंगमुळे मापही फसवतं

दुसऱ्यांदा आम्ही घाई केली नाही. ब्लॉक पुढच्या साईजला बोअर करायचा ठरला, पिस्टनचा नवा सेट आला आणि यावेळी कागद सगळ्यात आधी उघडला. त्यातून दोन गोष्टी शिकायला मिळाल्या.

पहिली: माप कोटिंग धरून की कोटिंग सोडून? समजा स्कर्टवर दोन्ही बाजूंना १५-१५ मायक्रॉनचा थर आहे. म्हणजे व्यासात ०.०३ मिमी. खऱ्या धातूचा गॅप ०.०८ असेल तर मायक्रोमीटर ०.०५ च दाखवणार. हे माहीत नसलेला माणूस म्हणेल, गॅप कमी आहे, अजून बोअर करा. मग इंजिन थंड असताना पिस्टन खडखडणार आणि गाडी ऑईल प्यायला लागणार. प्रत्येक कंपनी वेगळं सांगते. आमच्या कागदावर ‘कोटिंग सोडून’ असं होतं. स्कर्टवर नेमकं कुठे मोजायचं तेही दिलेलं असतं, कारण पिस्टन सगळीकडे सारखा नसतो.

दुसरी गोष्ट मिस्त्रीकाकांनी शिकवली. त्यांनी ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही रात्रभर सावलीत एकत्र ठेवले आणि सकाळी सहाला मोजले. मला ती अंधश्रद्धा वाटली. मग हिशोब केला: पिस्टन ब्लॉकपेक्षा १५ अंशांनी जास्त गरम असेल तर माप ०.०२५ मिमीने चुकतं. ०.०८ च्या गॅपमध्ये ही जवळपास एक तृतीयांश चूक! मे महिन्यात यवतमाळच्या दुपारी उन्हात पडलेला पिस्टन आणि सावलीतला ब्लॉक यांच्यात एवढा फरक सहज पडतो.

आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ

उन्हात फोन तापला की आपोआप हळू होतो, ब्राइटनेस कमी करतो. नवीन गाड्यांचा ईसीयूही असं काहीसं करतो: ठोके जाणवले की इग्निशन मागे घेतो. जुन्या इंजिनाकडून ही अपेक्षा ठेवू नका. तिथे सांभाळायचं ते आपणच.

हवा ४५ अंशाची असेल तर २५ अंशाच्या तुलनेत ती सुमारे ६ टक्के विरळ असते. म्हणजे ताकद आधीच कमी, आणि आत येणारी हवा गरम असल्यामुळे पेट्रोल स्वतःहून भडकण्याचा धोका जास्त. असे ठोके बसत राहिले तर डोक्यावरचं सिरॅमिक टवके उडून निघतं आणि पुढे पिस्टनलाच भोक पडतं. चुकीचं ट्यूनिंग कोणतंही कोटिंग झाकू शकत नाही.

धुळीचंही तेच. पांदणीवरची बारीक धूळ फिल्टर चुकवून आत गेली तर ती पॉलिश पेपरसारखी स्कर्ट घासते. महागाच्या पिस्टनबरोबर स्वस्तातला उघडा फिल्टर लावणारे बघितले की आता मला कसंतरी होतं.

घ्यायचे की नाही?

रोजच्या गाडीचं इंजिन नुसतं दुरुस्त करायचं असेल तर कंपनीचेच पिस्टन घ्या. कॉम्प्रेशन वाढवणार असाल, टर्बो लावणार असाल किंवा इंजिन तासन्‌तास जोरात चालणार असेल, तर कोटेड फोर्ज्ड पिस्टनला अर्थ आहे. पण तेव्हा:

- त्या पिस्टनच्या कागदावरचाच गॅप पाळा. पिस्टन आणि रिंग, दोन्हींचा.
- कागदच नसेल तर तो पिस्टन घेऊ नका. कोटिंग कितीही सुंदर दिसो.
- फिलर गेजच्या अंदाजावर जाऊ नका. बोअर गेज आणि मायक्रोमीटर असलेल्या दुकानातच काम करा. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली असा तिन्ही जागी मोजून घ्या.
- नवीन इंजिनाला सुरुवातीला फुल थ्रॉटल देऊ नका आणि पहिलं ऑईल लवकर बदला.
- रस्त्यावरची गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा. आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाहीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा.

जिप्सी आता चालते. तीच पांदण, तोच चढ, तसाच मे महिना तिने काढला. दुसऱ्या सेटचे अर्धे पैसे मी दिले. भाऊ नको म्हणत होता, पण आकडा माझाच होता.

गॅपचा तो कागद मिस्त्रीकाकांनी गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलाय. आता कोणी फोनमधला आकडा दाखवायला लागलं की ते फक्त भिंतीकडे बोट दाखवतात.