टिग वितळजोडकाम, ॲल्युमिनियमाचे

टंगस्टनाचे न वितळणारे विद्युत् अग्र व जोडावयाची धातू यांच्यामध्ये विद्युत् प्रज्योत पेटवून आणि तिच्याभोवती आर्गॉनासारख्या अक्रिय (रासायनिक विक्रिया न करणाऱ्या) वायूचे आवरण ठेवून धातू जोडण्याच्या पद्धतीस टिग वितळजोडकाम म्हणतात. ‘टंगस्टन इनर्ट गॅस’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. गॅरेजांत व फॅब्रिकेशनच्या दुकानांत मात्र ‘आर्गॉन वेल्डिंग’ हेच नाव रूढ आहे. सांध्यात लागणारी जादा धातू वेगळ्या तारेने हाताने पुरवितात. त्यामुळे उष्णता व धातू या दोहोंवर कारागिराचे स्वतंत्र नियंत्रण राहते. हे या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य होय.

ॲल्युमिनियमाच्या टिग कामासाठी पूर्वी शंभराहून अधिक किग्रॅ. वजनाचे रोहित्रयुक्त यंत्र लागे व ते बहुधा मोठ्या कारखान्यांतच आढळे. आता २०० अँपिअर क्षमतेचे, १५ ते २५ किग्रॅ. वजनाचे व घरगुती २३० व्होल्ट पुरवठ्यावर चालणारे यंत्र मिळते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका (रेल्वे) हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरील गाव आहे. अशा गावी दरवाजे, जाळ्या, ट्रॉल्या यांचे पोलादी काम करणाऱ्या लहान दुकानालाही हे यंत्र घेता येण्याजोगे झाले आहे. मात्र वजनातील घट हा या यंत्राचा दुय्यम गुण आहे. त्याचे खरे महत्त्व प्रवाहाला हवा तसा आकार देता येण्यात आहे आणि ते कळण्यासाठी प्रथम ॲल्युमिनियमाचा स्वभाव पाहणे आवश्यक आहे.

धातूचे गुणधर्म : ॲल्युमिनियम ६६०° से. ला वितळते, पण हवेत त्याच्या पृष्ठावर तत्काळ तयार होणारा ऑक्साइडाचा पातळ थर वितळण्यास २,०००° से. हून अधिक तापमान लागते. त्यामुळे आतील धातू पाण्यासारखी झाली, तरी वरची साय फाटत नाही व दोन कडांची धातू एकमेकींत मिसळत नाही. साध्या पोलादाच्या मानाने ॲल्युमिनियमाची ऊष्मासंवाहकता चौपटीहून अधिक असल्याने सांध्याला दिलेली उष्णता भोवतालच्या पत्र्यात झपाट्याने पसरते. याखेरीज ही धातू तापली तरी लाल होत नाही. पोलादावर हात बसलेला कारागीर रंगावरून तापमान ओळखतो. येथे ती खूण नसल्याने पत्रा चांगला दिसत असतानाच एकाएकी गळून पडतो. द्रव ॲल्युमिनियमात हायड्रोजन विरघळतो, परंतु घन होताना तो जवळजवळ सगळा बाहेर टाकला जातो व अडकलेल्या बुडबुड्यांमुळे सांधा सच्छिद्र होतो. हा हायड्रोजन दमट हवा, तेल, ग्रीस आणि भरणतारेवर साचलेला ओलावा यांतून येतो. पावसाळ्यात, विशेषतः उघड्या टिनाच्या छपराखाली, सच्छिद्रतेच्या तक्रारी वाढतात त्या यामुळेच.

वायुज्योतीने ॲल्युमिनियम जोडताना ऑक्साइड विरघळविण्यासाठी क्लोराइडे व फ्ल्युओराइडे असलेला अभिवाह लावीत. तो नीट धुतला नाही, तर काही महिन्यांत सांध्याच्या कडेने धातू खाल्ली जाई. अमेरिकेतील नॉर्थ्रप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास मॅग्नेशियमाच्या विमानभागांसाठी टंगस्टन अग्र व हीलियम वायू यांची पद्धत सिद्ध केली व १९४२ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) मिळाले. पुढे हीलियमाऐवजी बहुतेक कामांत आर्गॉन आला आणि ॲल्युमिनियमासाठी प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणारा) प्रवाह वापरात आला. त्यामुळे अभिवाहाची गरज उरली नाही.

प्रवाहाचा आकार : टंगस्टन ऋण असताना बरीचशी उष्णता कामाच्या धातूत जाते व वितळ खोल जाते, पण ऑक्साइड तसाच राहतो. टंगस्टन धन असताना आर्गॉनाचे धन आयन पत्र्यावर आदळतात, इलेक्ट्रॉन ऑक्साइडाच्या थरातून बाहेर पडतात व थर फुटून निघून जातो. मात्र या वेळी उष्णतेचा मोठा वाटा टंगस्टनाकडे जातो आणि त्याचे टोक वितळू लागते. प्रत्यावर्ती प्रवाहात ही दोन्ही कामे आळीपाळीने होतात. जुन्या रोहित्र यंत्रात हा प्रवाह पुरवठ्यातून येई तसाच, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांचा (५० हर्ट्झ) व हळूहळू चढउतार होणारा असे. दर अर्ध्या आवर्तनाला तो शून्यावरून रेंगाळत जाई, प्रज्योत विझू पाही व तिला जागती ठेवण्यासाठी उच्च कंप्रतेचा दाब सतत लावावा लागे. ऋण व धन हे दोन्ही भाग जवळजवळ सारखेच राहात. त्यामुळे सफाई गरजेपेक्षा अधिक, तर वितळ गरजेपेक्षा कमी होई आणि टंगस्टनाचे टोक गोल व जाड होऊन प्रज्योत भटकत असे.

नव्या यंत्रात हा प्रवाह चौकोनी तरंगाचा असतो. तो शून्य क्षणार्धात ओलांडतो. ऋण भाग किती ठेवावा हे कारागीर ठरवितो. स्वच्छ पत्र्यास ६५ ते ७५ टक्के ऋण भाग पुरेसा असतो. जुन्या, हवेने खाल्लेल्या ओतीव भागासाठी धन भाग थोडा वाढवितात. कंप्रता १०० हर्ट्झच्या वर नेल्यास प्रज्योत निमुळती होते व कोपऱ्यातल्या सांध्यात नेमकी बसते. टोकदार टंगस्टनही या प्रवाहावर बराच वेळ टिकते. त्यासाठी पूर्वीच्या हिरव्या पट्ट्याच्या शुद्ध टंगस्टनाऐवजी सोनेरी किंवा निळ्या पट्ट्याचे लँथॅनमयुक्त टंगस्टन घेणे सोयीचे पडते. लाल पट्ट्याच्या प्रकारात थोरियम असून ते किरणोत्सर्गी असल्यामुळे टोक घासताना उडणारी धूळ टाळावी लागते.

यंत्राची रचना : ज्यास इन्व्हर्टर म्हणतात त्या या यंत्रात २३० व्होल्ट पुरवठ्याचे प्रथम एकदिश प्रवाहात रूपांतर होते (दाब सु. ३२५ व्होल्ट). मग ट्रँझिस्टर तो प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडजोड करून लहानशा रोहित्रातून पाठवितात. रोहित्राच्या गाभ्याचा आकार कंप्रतेच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. ५० हर्ट्झऐवजी काही दहा हजार हर्ट्झ वापरल्याने मणभर लोखंडाचे काम मुठीत मावणारा फेराइट गाभा करतो. बाहेर आलेला प्रवाह पुन्हा एकदिश करून दुसऱ्या तोडजोड मंडलाने त्याला चौकोनी तरंगाचा आकार देतात. या यंत्रांत आज सर्रास असणारा आयजीबीटी हा ट्रँझिस्टर जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बी. जयंत बालिगा या मूळच्या भारतीय अभियंत्यांनी १९८० च्या सुमारास विकसित केला. केवळ एकदिश प्रवाह देणारी स्वस्त टिग यंत्रेही अशीच दिसतात; ती स्टेनलेस पोलादाला उत्तम असली, तरी हाताने करावयाच्या ॲल्युमिनियमाच्या नेहमीच्या कामास निरुपयोगी होत. खरेदीत होणारी सर्वांत महाग चूक हीच आहे.

पुरवठा व हवामान : २०० अँपिअर प्रवाहास प्रज्योतीवर सु. १८ व्होल्ट दाब असतो, म्हणजे ३.६ किलोवॉट शक्ती लागते. यंत्रातील ऱ्हास व शक्तिगुणक लक्षात घेता पुरवठ्यातून सु. २० ते ३० अँपिअर ओढले जातात. घरातील साधी तार व प्लग यांना हे पेलत नाही. स्वतंत्र जाड तार व भरवशाचे अर्थिंग आवश्यक असते. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी गावठाणाची व शेतीपंपांची वाहिनी वेगळी असून शेतीच्या वाहिनीवर त्रिकला वीज ठराविक तासच मिळते. एककला पुरवठ्यावर चालणे हा म्हणूनच गावातील दुकानाच्या दृष्टीने या यंत्राचा मोठा लाभ आहे. परंतु वाहिनीच्या टोकाशी दाब २३० व्होल्टवरून १९० च्या खाली उतरला, तर अनेक यंत्रे संरक्षणासाठी आपोआप बंद पडतात. जनित्र वापरावयाचे झाल्यास त्याची क्षमता यंत्राच्या कमाल मागणीच्या दीडपट ते दुप्पट ठेवणे इष्ट.

यंत्राच्या पाटीवर ‘२०० अँपिअर, ३५ टक्के’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ १० मिनिटांच्या चक्रात साडेतीन मिनिटे काम व उरलेला वेळ विश्रांती. हा आकडा ४०° से. तापमान धरून काढलेला असतो. पश्चिम विदर्भात उन्हाळ्यात पारा त्यावर जातो व टिनाच्या छपराखाली तर आणखी चढतो. तेव्हा पाटीवरील आकडा येथे एप्रिल-मे महिन्यांत मिळेल असे धरू नये. पंखा हवेबरोबर दुकानातील लोखंडी भुगाही आत ओढतो. हा भुगा विजेचा वाहक असल्याने मंडलफलकावर साचल्यास यंत्र जळते. जुने रोहित्र अशा धुळीत वर्षानुवर्षे चाले. नवे चालत नाही. टॉर्चचीही मर्यादा असते. हवेने थंड होणारे नेहमीचे टॉर्च साधारण १५० अँपिअरचे असते व प्रत्यावर्ती प्रवाहावर त्याहून कमी पेलते.

वायू : आर्गॉन हवेत सु. ०.९३ टक्के असतो व हवेच्या द्रवीकरणातून ऑक्सिजनाबरोबर मिळतो. त्याचे सिलिंडर निळ्या रंगाचे असते. सात घनमीटरच्या सिलिंडरातून मिनिटाला १० लिटर वायू घेतल्यास सु. साडेअकरा तास प्रज्योत चालते. हे प्रज्योतीचे तास आहेत, मजुरीचे नव्हेत; तरीही गळक्या नळीमुळे सिलिंडर रात्रीत रिकामे होऊ शकते. मोठ्या गावापासून दूर असलेल्या दुकानास भरलेले दुसरे सिलिंडर हाताशी ठेवावे लागते व त्यात गुंतलेले भांडवल यंत्राच्या किमतीत धरले पाहिजे. २०२१ च्या करोना साथीत औद्योगिक ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळविला गेला आणि आर्गॉन व नायट्रोजन वाहणाऱ्या टाक्याही ऑक्सिजनासाठी वापरण्यात आल्या. अशा दूरच्या घडामोडींवरही हा धंदा अवलंबून असतो. वाऱ्याची झुळूक वायूचे आवरण उडवून लावते, म्हणून ॲल्युमिनियमाचे टिग काम रस्त्यालगत उघड्यावर करीत नाहीत.

मिश्रधातू व कामाचे स्वरूप : ॲल्युमिनियमाच्या खिडक्या करावयाच्या म्हणजे टिग यंत्र हवेच, असा समज आढळतो. वस्तुतः खिडक्यांच्या पट्ट्या (बाजारातील एचई ९, म्हणजे ६०६३ मिश्रधातू) बहुधा कोनतुकडे व स्क्रू यांनी जोडतात; त्यांवरील ॲनोडी लेप वितळजोडाने खराबच होतो. टिगची खरी गरज निराळ्या ठिकाणी असते : रेडिएटर व इंटरकूलरच्या टाक्या, इंजिनाचे तेलपात्र, फुटलेली ओतीव आवरणे, टाक्या, शिड्या आणि कठडे. रेल्वेच्या वा मेट्रोच्या डब्यांतील लांब सरळ सांध्यांसाठी तार आपोआप पुरविणारी मिग पद्धती किंवा घर्षणाने ढवळून जोडण्याची पद्धती वापरतात. टिग तेथे मंद ठरते.

६०६३ किंवा ६०६१ मिश्रधातू भरणतारेशिवाय वितळविल्यास सांधा थंड होताना मधोमध तडकतो. सिलिकॉन ५ टक्के असलेली ४०४३ तार तडकणे टाळते; मॅग्नेशियम ५ टक्के असलेली ५३५६ तार अधिक बळकट असून नंतर ॲनोडीकरण केल्यास रंगही जुळता येतो. ७०७५ ही विमानांत वापरली जाणारी मिश्रधातू या पद्धतीने जोडू नये. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उष्णतासंस्कारित मिश्रधातूचे बळ सांध्यालगत, तार कोणतीही वापरली तरी, जवळजवळ निम्म्यावर येते. सांधा सुबक दिसतो, पण त्याच्या शेजारची पट्टी मऊ झालेली असते. माणसाचे वजन पेलणाऱ्या शिडीची पायरी किंवा पाळण्याचा कडा असा जोडून दिल्यास त्यातील धोका डोळ्यांना दिसत नाही. अशा ठिकाणी जाड पट्टी घेणे किंवा सांधा कमी ताणाच्या जागी नेणे, हाच उपाय होय.

पूर्वतयारीवर निम्मे यश अवलंबून असते. प्रथम ॲसिटोनाने तेल पुसावे व नंतर स्टेनलेस पोलादाच्या, केवळ ॲल्युमिनियमासाठी राखलेल्या ब्रशाने पृष्ठ घासावे. हा क्रम उलटल्यास तेल धातूत घासले जाते. पोलादी कामाच्या दुकानात एकच ब्रश व एकच चकती दोन्हींना वापरण्याची सवय असते आणि लोखंडाचे कण सांध्यात जातात. तीन मिमी. पत्र्यास सु. ११० ते १४० अँपिअर प्रवाह लागतो. पत्रा तापत गेला की तो कमी करावा लागतो, म्हणून पायाने दाबण्याचे नियंत्रक ॲल्युमिनियमाच्या कामात चैनीची वस्तू ठरत नाही. २०० अँपिअरचे यंत्र पाच-सहा मिमी. जाडीपर्यंत पुरते, त्याहून जाड ओतीव भाग आधी तापवून घ्यावे लागतात.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील एक वर्षाच्या वेल्डर अभ्यासक्रमात टिगचा समावेश आहे. पोलादावर मुरलेल्या कारागिरालाही ॲल्युमिनियमाच्या टाकाऊ पत्र्यावर काही आठवडे सराव करावा लागतो, कारण एका हातात टॉर्च, दुसऱ्यात तार व पायाखाली प्रवाह अशी तिहेरी सांगड घालावयाची असते. ॲल्युमिनियमाच्या चकाकत्या पृष्ठावरून परावर्तित होणारे जंबुपार किरण गळा व मनगटे भाजतात आणि प्रज्योतीजवळ ओझोन वायू तयार होतो. क्लोरीनयुक्त द्रावकाने पुसलेला पत्रा तापविल्यास विषारी फॉस्जीन निर्माण होऊ शकतो. इंधनाची टाकी दुरुस्तीस आल्यास ती रिकामी दिसते एवढ्यावर विसंबू नये. ती गरम पाण्याने किंवा वाफेने धुऊन, झाकणे उघडी ठेवून व आत अक्रिय वायू भरूनच प्रज्योत पेटवितात.