सायकल शर्यत भरवायची तर : जंगलपट्टीतून आलेल्या एका पत्राच्या निमित्ताने



यात्रा आली की कुस्त्यांचा फड आणि सायकल शर्यत ही आपल्याकडे ठरलेली. गुलाल उधळला, शिट्टी वाजली, पोरं सुटली. पहिला आला त्याला फेटा बांधला, की झाली शर्यत. त्यात शिकण्यासारखे काय आहे, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटत होते. परंतु गेल्या हंगामात आपल्या एका सभासदाच्या चिरंजीवांचे पत्र आले. ते गडचिरोली जिल्ह्यात शिक्षक आहेत. त्यांनी लिहिले होते, "इकडे गावात सायकल शर्यत घ्यायचे ठरते आहे. काही जण म्हणतात, पहाटे साडेपाचला जंगलाच्या रस्त्याने सोडू, गाड्या नसतात. आपल्याकडे दरवर्षी शर्यत होते, तरी कशी घ्यावी ते कळवावे." पत्राच्या शेवटी एका आईचे बोलणे त्यांनी जसेच्या तसे दिले होते : "गुरुजी, बक्षीस लहान असलं तं चालते, पन पोरगी धडधाकट घरी आली पायजे."

हे वाक्य वाचून आम्ही थोडे वरमलो, कारण आमच्या शर्यतीत एकदा एक पोरगा धडधाकट घरी गेला नव्हता. शेवटच्या रेषेपाशी दोर नव्हता. पहिला कोण येतो ते पाहायला लोक रस्त्यात घुसले. पोराने ब्रेक दाबला, मागचे चाक घसरले आणि गळ्याजवळचे हाड मोडले. दवाखान्यात न्यायला गाडी शोधण्यात पाऊण तास गेला. चूक सर्वस्वी आमची, आयोजकांची होती. म्हणून त्या गुरुजींना जे कळवले, तेच सर्वांच्या उपयोगी पडावे या हेतूने येथे देत आहोत.

आधी मुलूख समजून घेऊ

पूर्वी सगळा मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता. 26 ऑगस्ट 1982 रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. वैनगंगेच्या दोन्ही अंगांना हा मुलूख पसरला आहे. धान हे मुख्य पीक, आणि बांध्या संपल्या की जंगल. इकडचा उन्हाळा तर विचारू नका. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर सहज जातो.

या मुलखात सायकल ही चैन नव्हे. शाळा दूर असलेल्या आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून शासनाने सायकली दिल्या आहेत. त्या सायकलवर बसून मुली रोज शाळेला जातात. म्हणजे शर्यतीला लागणारे स्वार गावोगाव तयारच आहेत. सराव रोजचा आहे. कमी आहे ती फक्त नीट आखणीची.

आणि ही माणसे मोठे कार्यक्रम पार पाडण्यात कच्ची आहेत असेही नाही. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. वडसा हे तर झाडीपट्टीच्या नाटकांचे माहेरघर. दिवाळीपासून होळीपर्यंत मंडळ्या गावोगाव फिरतात. एका रात्रीच्या नाटकासाठी मंडप, तिकिटे, पाहुण्यांचे जेवण, सगळे गाव मिळून करते. न्यायालयाच्या निर्णयाने 2014 मध्ये पट बंद झाले, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. सांगायचा मुद्दा हा की माणसे जमवण्याचे शिक्षण या गावांना देण्याची गरज नाही. सायकल शर्यतीसाठी वेगळी गर्दी गोळा करू नका. मंडईच्याच दिवशी, पटाच्या आधी शर्यत ठेवा. प्रेक्षक आपोआप मिळतील.

वेळ आणि रस्ता

पहाटेची कल्पना आम्ही साफ नाकारली. चंद्रपूर हा ताडोबाचा जिल्हा. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत गावाच्या शिवारापर्यंत वाघाचा वावर असतो. पहाट आणि संध्याकाळ ही जनावरांच्या फिरण्याची वेळ. वाकून, एकटे, आवाज न करता जाणारे पोर त्या वेळी जंगलाच्या रस्त्यावर पाठवणे म्हणजे विषाची परीक्षा. वैनगंगेच्या काठी हिवाळ्यात धुकेही असते. तेव्हा ऊन वर आल्यावर, सकाळी आठच्या सुमारास शर्यत सुरू करावी व दहाच्या आत आटोपावी.

महिना जानेवारी किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. त्याआधी धानाची कापणी-मळणी चालू असते, आणि डांबरी रस्त्यावर धान वाळत घातलेले असते. त्यावरून चाक गेले की सायकल घसरलीच. मार्चनंतर ऊन वाढते, शिवाय घरची माणसे मोहफुले वेचायला जातात.

रस्ता जंगलातला नको. बांध्यांमधला, दोन-तीन गावे जोडणारा, दोन्ही बाजूंनी मोकळा रस्ता घ्या. राज्य मार्ग व राष्ट्रीय महामार्ग टाळा. त्यांवर खनिजाचे आणि कोळशाचे ट्रक धावतात, आणि ट्रकपुढे सायकलीचा हक्क कोणी मानत नाही. आठ दिवस आधी वनरक्षकाला भेटून त्या शिवारात जनावराचा माग आहे का ते विचारा, आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारा. "आहे" म्हणाले तर शर्यत पुढे ढकला. त्यात कमीपणा नाही.

रस्ता गोल असावा. जाऊन परत येण्याचा असेल, तर जाणारे आणि येणारे समोरासमोर येतात, आणि दोघांची मान खाली असते. गोल फेरीतही घड्याळाच्या उलट दिशेने फिरावे. आपण डाव्या हाताने चालतो. उलट दिशेने फिरले की प्रत्येक वळण डावीकडे येते आणि रस्ता ओलांडावा लागत नाही. एवढी साधी गोष्ट, पण आमच्या ध्यानात यायला चार वर्षे गेली.

एकदम सोडू नका, एकेक सोडा

अरुंद रस्त्यावर साठ पोरे एकदम सोडली की पहिल्या वळणावर हँडलला हँडल अडकते. एक पडला की दहा पडतात. यावर उपाय म्हणजे दर 30 सेकंदांनी एक स्वार सोडणे. साठ जण अर्ध्या तासात सुटतात. यात कोणी कोणाच्या मागे चिकटून राहायचे नाही, असा नियम करावा. कारण पुढच्याच्या आडोशाला मागच्याला वारा कमी लागतो आणि फुकटचा फायदा मिळतो. गाठलेच तर बाजूने पुढे निघून जावे.

हिशेब कसा करायचा? आपल्या वजनकाट्यासारखाच. भरलेल्या गाडीचे वजन घेतो, रिकाम्या गाडीचे वजा करतो, उरला तो ऊस. तसे पोहोचल्याच्या वेळेतून सुटल्याची वेळ वजा करायची. समजा घड्याळ साडेसातला लावले. 24 क्रमांकाचा स्वार 24 गुणिले 30 सेकंद, म्हणजे 12 मिनिटांनी, 7 वाजून 42 मिनिटांनी सुटला. तो 8 वाजून 10 मिनिटे 35 सेकंदांनी आला. त्याला लागली 28 मिनिटे 35 सेकंद. अंतर 12 किलोमीटर असेल तर वेग ताशी 25 किलोमीटरच्या थोडा वर. साध्या सायकलवर हा वेग चांगला म्हणावा. सुटण्याच्या व पोहोचण्याच्या जागेची घड्याळे आदल्या रात्री एकमेकांशी जुळवून ठेवा. वेळ दोन माणसांनी स्वतंत्र लिहावी. काट्यावर एकट्याचा शब्द चालत नाही, तसाच इथेही चालू नये.

गट आणि नियम

गिअरची महागडी सायकल आणि शाळेची साधी सायकल एका गटात घालू नका. तो पैशाचा सामना होतो, पायांचा नव्हे. साध्या सायकलींचा गट हाच मुख्य गट माना. मुलींची शर्यत वेगळी आणि तेवढ्याच मानाची ठेवा. बक्षीसही तेवढेच. मुलींचे बक्षीस कमी ठेवण्याची जुनी खोड आम्हीही मोडली आहे.

नियम लिहून आधी वाचून दाखवावेत. जगातली सर्वात नामांकित सायकल शर्यत फ्रान्समध्ये 1903 साली सुरू झाली, ती 'ल'ऑटो' नावाच्या वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून. साठ स्वार निघाले, 21 पोहोचले, आणि पत्राचा खप खरोखरच वाढला. पण दुसऱ्याच वर्षी, 1904 मध्ये, एवढी लबाडी झाली की पुढे चौकशी होऊन पहिले चौघेही बाद ठरले आणि 19 वर्षांच्या आंरी कोर्ने या पोराला विजेता ठरवावे लागले. तेव्हा गावच्या शर्यतीत कोणी काकाच्या मोटारसायकलला हात धरून आला, तर नवल नाही. प्रत्येक वळणावर एक माणूस उभा ठेवा. त्याने क्रमांक टिपायचे.

जिवाची काळजी

हेल्मेट सक्तीचे करा. पोरे म्हणतील, आम्ही कुठे मोठे स्वार. त्यांना सांगा, मोठमोठे स्वारही पूर्वी बिनहेल्मेटचे धावत. मार्च 2003 मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव हा कझाक स्वार डोक्यावर पडून मरण पावला, आणि त्यानंतर त्याच वर्षी जागतिक संघटनेने हेल्मेट सक्तीचे केले. वीस हेल्मेट वर्गणीतून घेतले तरी पुरतात. स्वार एकेक सुटणार असल्याने आलेल्याचे हेल्मेट पुढच्या गटाला देता येते.

सुटण्याआधी गावच्या सायकल दुकानदाराने प्रत्येक सायकल तपासावी. दोन्ही ब्रेक लागतात का, हँडल घट्ट आहे का, चाक डुलते का, चेन सैल आहे का, टायर फुगून बाहेर आला आहे का. पुढची टोपली काढून ठेवावी. एखाद्याची सायकल नापास झाली तर त्याला परत पाठवू नका, दुसरी द्या. दोन सायकली तयार ठेवा.

ग्रामसभेत ठराव घ्या. तिकडे ग्रामसभेच्या शब्दाला मोठे वजन आहे. पोलीस ठाणे किंवा पोलीस मदत केंद्र, रस्ता ज्यांचा आहे ते खाते, आणि वनखात्याचे कार्यालय यांना लेखी कळवून लेखी उत्तर घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्राला तारीख द्या. 108 ची रुग्णवाहिका बोलावल्यावर येते खरी, पण अंतरे लांब आहेत. म्हणून एक जीप आणि प्रथमोपचार जाणणारा माणूस शर्यतीपुरता तिथेच थांबवून ठेवा. शेवटच्या रेषेच्या अलीकडे पलीकडे पन्नास-पन्नास मीटर दोर बांधा. हा दोर आमच्याकडे असता तर त्या पोराचे हाड वाचले असते.

गवगवा कसा करावा

पैसा फारसा लागत नाही. शाळेच्या फळ्यावर सूचना, आठवडी बाजारात भोंगा, नाटकाच्या मध्यंतरात दोन वाक्ये आणि मोबाइलवरचे गावगट. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा वेगळा मान दिला जात आला आहे. त्यातून एक युक्ती घेता येते. वाटेतल्या प्रत्येक गावाने आपल्या वेशीवर स्वतःचे एक बक्षीस ठेवावे : वेशीपर्यंतची सर्वात कमी वेळ ज्याची, त्याला एक ट्यूब-टायर किंवा घोंगडी. मग ते गाव नुसते बघत बसत नाही, रस्ता झाडून ठेवते, गुरे बांधून ठेवते.

रोख रकमेपेक्षा वस्तूचे बक्षीस बरे. टायर, चेन, पंप, शाळेचे दप्तर. आणि सर्वात शेवटी येणाऱ्यालाही काहीतरी द्या. जमाखर्च दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. पुढच्या वर्षीची वर्गणी त्या फळ्यावरूनच गोळा होते.

एवढ्याने काय होणार?

असा प्रश्न विचारणारे भेटतील. त्यांना सांगावे की नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने पार करण्याची शर्यत एकट्याने, 12 दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याआधी 2015 मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी तीच शर्यत दोघांनी मिळून पुरी केली होती. नागपूर काही चंद्रपूरहून लांब नाही. अर्थात प्रत्येक पोर तेवढे करील असे नव्हे. पण शाळेला जाण्यासाठी मिळालेल्या सायकलवर गावासमोर पहिली आलेली मुलगी ती सायकल आणि ती शाळा सहजासहजी सोडत नाही, असे गुरुजींनी पत्रात लिहिले आहे, आणि ते आम्हाला पटले.

गुरुजींचे दुसरे पत्र नुकतेच आले. शर्यत आठ वाजता, बांध्यांच्या रस्त्याने घ्यायचे ग्रामसभेत ठरले. दोर आणि घड्याळे मिळाली, हेल्मेट कमी पडतात. आपल्यापैकी ज्या सभासदांकडे मुलांची वापरात नसलेली, चांगल्या स्थितीतली हेल्मेट किंवा सायकलीचे सुटे भाग पडून असतील, त्यांनी ते गट कार्यालयात आणून द्यावेत. तडा गेलेले हेल्मेट मात्र देऊ नये, ते काही कामाचे नसते. आणि आपल्या यात्रेत यंदा दोर बांधला नाही, तर आम्हाला जरूर जाब विचारावा.