दरबारात रुजू झालेले प्रेमपत्र

शोकनाट्यातील एखादी प्रेमकविता लोकप्रिय झाली, म्हणजे रसिकजन तिला मूळ प्रवेशातून उचलून सुभाषितांच्या पंक्तीत नेऊन बसवितात. आणि तेथे ती कितीही शोभून दिसली, तरी ज्या प्रसंगाने तिला अर्थ दिला तो मागेच राहिल्यामुळे तिचे निम्मेअधिक तेज हरपलेले असते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात डेन्मार्कच्या राजपुत्राने ऑफेलियाला लिहून पाठविलेल्या चार चरणांची नेमकी हीच गत झालेली आहे.

त्या चरणांचा आशय अगदी थोडक्यात सांगता येतो. तारे अग्निमय आहेत, सूर्य फिरतो, सत्य खोटे बोलत नाही, या सर्व गोष्टींविषयी प्रियेने खुशाल संशय धरावा, मात्र आपल्या प्रेमाविषयी धरू नये, अशी ही विनवणी आहे. नाटकातील बहुतेक पद्य पाच आघातांच्या निर्यमक, भारदस्त छंदात चालत असताना हे चरण तेवढे तीनच आघातांचे, एकाआड एक यमक जुळविलेले आहेत. पहिल्या तिन्हींचा आरंभ एकाच क्रियापदाने होतो, आणि तीनदा संशयाला दिलेली मोकळीक चौथ्या चरणात एकाएकी काढून घेतली जाते. रचना सफाईदार खरी, पण विटेनबर्गच्या विद्यापीठातून आलेल्या कोणत्याही बुद्धिमान तरुणाला साधावी इतपतच. आणि हे त्या तरुणालाही कळत असावे, कारण पद्य संपताच तो गद्यावर उतरून, वृत्तात मोजून मापून उसासे टाकण्याची कला आपल्यापाशी नाही, अशी कबुली देतो. ही कबुली पद्याहून अधिक हृद्य आहे.

परंतु खरा चमत्कार पुढेच आहे. हे पत्र रंगभूमीवर हॅम्लेट वाचीत नाही आणि ऑफेलियाही वाचीत नाही. ते वाचतो तिचा बाप पोलोनियस, आणि तेही भर दरबारी, राजा क्लॉडियस व राणी गरट्रूड यांच्या पुढ्यात. राजपुत्राचा बुद्धिभ्रंश आपल्या मुलीच्या प्रेमापायी झाला, हा आपला सिद्धान्त शाबीत करण्यासाठी या वयोवृद्ध मंत्र्याने आज्ञाधारक मुलीकडून ते पत्र हस्तगत केले आहे. मितभाषणाची थोरवी गाता गाता तो इतके पाल्हाळ लावतो की, अलंकार पुरे, मुद्द्याचे बोला, असे राणीला सुचवावे लागते. आणि मग कचेरीतील कारकुनाने मुद्देमालाची यादी वाचावी तशा आवाजात तो ते पत्र वाचू लागतो, मध्येच थांबून त्यातील एका विशेषणाला नाके मुरडतो. प्रेक्षक हसतो, पण जे शब्द एका मुलीच्या एकांतासाठी लिहिले गेले, ते हॅम्लेटच्या बापाचा खून करून गादी बळकावणाऱ्या चुलत्याच्या कानी पडत आहेत, हे ध्यानात येताच त्या हसण्याची त्याला लाजही वाटते.

भलत्याच्या हाती पडलेले प्रेमपत्र आपल्या परंपरेला अपरिचित नाही. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात उर्वशीने भूर्जपत्रावर लिहिलेला श्लोक विदूषकाच्या गलथानपणामुळे राणी औशीनरीच्या हाती लागतो. राणी रागावते, राजा तिच्या पायां पडतो, आणि पुढे सर्व गोष्टी मार्गाला लागतात. तेथे पत्र हरवते ते दैवयोगाने. हॅम्लेटच्या एल्सिनोर येथील राजवाड्यात मात्र ते बापाच्या हुकुमाने काढून घेतले जाते आणि राजसत्तेच्या तपासात पुरावा म्हणून रुजू होते. तेथील अनर्थ सावरण्याची वाट कोणालाच उरत नाही.

प्रियकराने दिलेल्या दाखल्यांचीही मौज पाहण्याजोगी आहे. सूर्य पृथ्वीभोवती फिरत नाही, हे कोपर्निकसचे मत १५४३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले होते. १५७६ साली टॉमस डिग्ज याने ते इंग्रजी वाचकांपुढे मांडले होते. आणि हेलसिंगोर म्हणजेच एल्सिनोर ज्या सामुद्रधुनीवर वसले आहे, तिच्यातीलच ह्वेन बेटावर टायको ब्राहे याने आपली वेधशाळा थाटली होती. नाटक लिहिले गेले १६००च्या सुमारास. १६०३ सालच्या पहिल्या छापील प्रतीत या पद्यात पृथ्वीच्या पोटातील अग्नी आणि ताऱ्यांचे भ्रमण आहे. १६०४-०५च्या प्रतीत त्यांच्या जागी ताऱ्यांचा अग्नी आणि सूर्याचे भ्रमण आलेले दिसते. हा पाठभेद कोणामुळेही झालेला असो, ज्या गोष्टी अढळ म्हणून प्रेमाच्या तारणादाखल ठेविल्या, त्यांतील सूर्याची प्रदक्षिणा तर ज्योतिर्विदांच्या लेखी तेव्हाच डळमळू लागली होती, एवढे खरे.

सत्याविषयीचा तिसरा दाखला तर नाटकाच्या मर्मालाच हात घालतो. पित्याचे भूत खरे बोलले की सैतानाने रूप घेऊन फसविले, या शंकेने ग्रासलेल्या राजपुत्राला चुलत्याचा अपराध पारखण्यासाठी नाटकात नाटक रचावे लागते. आणि मग हा सार्वत्रिक संशय प्रेमालाही वगळीत नाही. तिसऱ्या अंकाच्या प्रारंभीच ऑफेलिया त्याच्या भेटवस्तू परत करू पाहते, तेव्हा राजा आणि मंत्री आडून ऐकत असताना, एकदा तुझ्यावर प्रेम होते असे म्हणणारा हॅम्लेट पुढच्याच श्वासाला ते नव्हतेच म्हणून सांगतो. आपल्या प्रेमाविषयी संशय घेऊ नकोस, असे विनविणाराच तिला तो घ्यावयास भाग पाडतो. पुढे त्याच्याच हातून तिच्या पित्याचा वध होतो, ती भ्रमिष्ट होऊन पाण्यात बुडते, आणि चाळीस हजार भावांची माया एकत्र केली तरी आपल्या प्रेमाच्या बरोबरीला येणार नाही, ही ग्वाही तो देतो ती पाचव्या अंकात, तिच्या थडग्यापाशी उभा राहून.

मराठी रसिकांशी या नाटकाचा संबंध जुना आहे. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढीत असता आगरकरांनी त्याच्या भाषांतराचे काम केले. १८८३ साली ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले, आणि गणपतराव जोशी यांनी त्यातील चंद्रसेनाची, म्हणजे हॅम्लेटची, भूमिका गाजविली.

एवढ्यावरून निर्णय द्यावयाचा तर तो असा की, पद्य या नात्याने हे चार चरण बेताचेच आहेत. त्यांचा मोठेपणा कवीपेक्षा नाटककाराच्या खाती जमा केला पाहिजे. म्हणून ज्या वाचकांना ते आवडत असतील त्यांनी वेच्यांच्या पुस्तकातील पाठावर समाधान मानू नये. दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश, तिसऱ्याचा पहिला आणि पाचव्याचा पहिला, असे तीन प्रवेश एका बैठकीत वाचावेत, आणि मगच त्या प्रेमाविषयी आपले मत ठरवावे.